बाजाराच्या दिवशीचं तेरावं रीळ

रेवा, तू आणि तुझ्या मैत्रिणींनी इंटरनेटवर सिनेमाच्या समीक्षेचं मासिक सुरू केलं आणि कुठल्याही सिनेमा कंपनीची जाहिरात घ्यायची नाही असं ठरवलं, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. मग तुझा निरोप आला, की आजी, तुझ्या मासिकाबद्दल लिहून पाठव. निखिललाही वाचायचं आहे म्हणे. इकडे या दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षांपासून मागे लागलेले आहेत. दोघांसाठी वेगवेगळं लिहिण्याइतका हातात जोर राहिलेला नाही, म्हणून एकदाच लिहिते. मधेच नातवंडांशी बोलणं आलं तर अंकाच्या वाचकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

आमच्या मासिकाचं नाव ‘पुढची रांग’. मी हैदराबादला इंग्रजी घेऊन एम. ए. झाले आणि लग्नानंतर परभणीत कॉलेजात शिकवायला लागले. हैदराबादच्या वाचनालयात परदेशी सिनेमासिकं वाचायची सवय लागली होती. परभणीत ती मिळेनात, तेव्हा आपणच काढावं असं वाटलं. त्या वयात असं वाटतं. काळ नामांतराचा होता. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा सोळा वर्षं धुमसत होता. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बाजूबाजूच्या खुर्च्यांवर बसणारी माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. अशा दिवसांत आम्ही सिनेमावर लिहीत होतो. हे बरोबर होतं की पळवाट होती, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. अजून उत्तर सापडलेलं नाही.

तुमचं मासिक एक बटण दाबलं की जगभर जातं. आमचं कसं निघायचं ते सांगते. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद. टाइपरायटरची रिबन काढून ठेवायची आणि त्या कागदावर अक्षरांचे नुसते घाव घालायचे. जिथे घाव पडेल तिथून शाई झिरपते. चूक झाली तर तिच्यावर गुलाबी औषध बारीक ब्रशनं लावायचं, फुंकर घालून वाळवायचं आणि त्याच जागी पुन्हा टाइप करायचं. पानावर पाचाच्या वर चुका झाल्या की ते पान गोवर आल्यासारखं दिसे. मग मी ते फाडून पहिल्यापासून करायचे. रविवारी सकाळी तुमचे आजोबा सायक्लोस्टाइल मशीनचं हँडल फिरवत आणि मी ओले कागद वाळत घालायचे. आठ फुलस्केप पानं, दोनशेच्या आसपास प्रती. टाचण्या, पट्ट्या, पत्ते, टपाल. बारा वर्षं, दर महिन्याला. आताही आठवलं की आधी उजवा खांदा आठवतो, मग सिनेमे.

आमचे नियम दोन होते. पहिला, तिकीट स्वतःचं. दुसरा, चूक झाली तर ती पुढच्या अंकात पहिल्या पानावर कबूल करायची. ज्या टॉकीजबद्दल मी सांगणार आहे तिचे मालक, त्यांना सगळे सेठजी म्हणत, त्यांनी पहिल्याच वर्षी मला बाल्कनीचा कायमचा पास देऊ केला. मी नको म्हटलं.

“मॅडम, आमचा पास म्हणजे काय लाच आहे?”

“तुमच्या पिक्चरला वाईट म्हणायचं तर तिकीट माझं पाहिजे, सेठजी.”

“मग कधी तिकीट काढून चांगलं म्हणा की.”

तर मी जनान्याचं तिकीट काढून बसायचे. जनाना म्हणजे बायकांसाठी राखलेला भाग, उजवीकडे, कमरेएवढ्या भिंतीनं वेगळा केलेला. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दुपारी मला तास नसत, म्हणून मी नेहमी त्या दिवशी तीनचा खेळ पाहायचे. ही सोय मी स्वतःच लावून घेतली होती आणि इतकी वर्षं तिच्याबद्दल दुसऱ्यांदा विचार केला नव्हता.

वाचक तऱ्हेतऱ्हेचे होते. पिंगळीच्या एक बाई दर महिन्याला कार्ड टाकत, ‘सुनांना घेऊन जाण्यासारखा आहे का, एवढंच कळवावे.’ मी दोन पानं लिहिलेली असायची आणि त्यांना एका शब्दाचं उत्तर हवं असायचं. शेवटी मी परीक्षणाच्या खाली एक ओळ घालायला लागले, ‘घरच्यांसह पाहावा’ किंवा ‘एकट्यानं पाहावा’. तुमचे आजोबा म्हणत, तुझ्या मासिकात लोक एवढीच ओळ वाचतात. जिंतूरला टाकळकर नावाचे एक कंपाउंडर होते. ते मात्र अक्षरन् अक्षर वाचत आणि चुका काढत. औषधाच्या चिठ्ठीवर लिहावं तसं बारीक आणि बोचरं लिहीत. त्यांचं कार्ड आलं की मी आधी चहा घ्यायचे आणि मग वाचायचे.

एकतिसाव्या अंकात मी एका हिंदी सामाजिक चित्रपटावर लिहिलं. नाव सांगत नाही, कुणाला आठवणारही नाही. धाकट्या भावावर खोटा आळ येतो, थोरला वकील असूनही त्याच्याविरुद्ध उभा राहतो, खटला चालतो. सगळं ठरावीक. पण एका ठिकाणी मी खुर्चीत सावरून बसले. खटल्याच्या शेवटी कोर्टाचं दार बंद होतं आणि लगेच घराचं दार उघडतं. धाकटा उंबऱ्यात उभा. निकाल काय लागला, न्यायाधीश काय म्हणाले, काहीच दाखवलेलं नाही. मी दीड पान त्यावर लिहिलं. लिहिलं, की हिंदी सिनेमात इतका संयम क्वचित दिसतो. जे प्रेक्षकाला कळलेलं आहे ते त्याला पुन्हा न सांगण्याची सभ्यता या दिग्दर्शकाकडे आहे. दोन दारांमधल्या त्या रिकाम्या जागेवर मी खूश होते. स्टेन्सिलवर त्या पानात एकही चूक झाली नाही.

पाच दिवसांनी टाकळकरांचं कार्ड आलं. ‘सदर चित्रपट मी औरंगाबादेस मेहुण्याकडे असता पाहिला. आपण म्हणता तो संयम तेथे आढळला नाही. निकालाचे दृश्य दहा मिनिटांचे असून न्यायाधीश स्वतः रडतात. खुलासा व्हावा.’

सिनेमा अजून चालूच होता. मी रविवारी तीनच्या खेळाला पुन्हा गेले. कोर्टाचं दार बंद झालं, आणि परत उघडलं. मग दहा मिनिटं सगळं आलं. भाषण, आईची मूर्च्छा, व्हायोलिनं, आणि न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले. तो दिग्दर्शक काहीही सोडून देणारा माणूस नव्हता.

खेळ सुटल्यावर मी टॉकीजच्या मागच्या लोखंडी जिन्यानं वर केबिनमध्ये गेले. तिथे लिंबाजी ऑपरेटर मशीन पुसत होता. चाळिशीचा, सडसडीत. सोनपेठकडच्या एका खेड्यातला. नामांतरावरून गावात जाळपोळ झाली तेव्हा बायको-मुलांना घेऊन कायमचा परभणीला आला होता. त्याआधीही तो याच टॉकीजमध्ये होता, फक्त आठवड्याला गावी जायचा, ते बंद झालं. त्या वर्षी तो नामांतराच्या मोर्चातही गेला होता, आणि परभणीतले दोघेतिघे सेठजींकडे जाऊन ‘असली माणसं कशाला ठेवता’ असं म्हणून आले होते. सेठजींनी त्यांना चहा पाजून घालवलं होतं. हो म्हटलं नव्हतं, आणि नाहीही म्हटलं नव्हतं. हे सगळं गावात सर्वांना ठाऊक होतं.

केबिनच्या भिंतीवर खळीनं माझं ते दीड पान चिकटवलेलं होतं. मला वाटलं, वाचक आहे बिचारा.

“लिंबाजीराव,” मी म्हटलं, “बाजाराच्या दिवशी तुम्ही हा सिनेमा पूर्ण दाखवलात का?”

“तेरावं रीळ बाजूला ठिवलं होतं, बाई. काहून? कुणाला कळलं का?”

“मला कळलं नाही, हीच तर अडचण आहे.”

तो हसला. मग त्यानं मला स्टूल दिलं आणि नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं.

“सोनपेठची शेवटची गाडी सव्वासहाला. खेळ सुटतंय सहा-दहाला. ष्टँडला पायी जायचं तर पाव घंटा लागतंय. बाजाराच्या दिवशी टॉकीजला निम्मी माणसं तिकडची. सहा वाजले की बाया गठुडी उचलून पळायल्या. तीन घंटे बसून शेवट न्हाई. एका म्हातारीनं मला खाली गाठलं, म्हनली, भाऊ, त्या पोरीचं पुढं काय झालं? मला लय वाईट वाटलं. मंग ठरवलं, शेवट बघू द्यायचा, मधलं दहा मिनटाचं एक रीळ काढायचं.”

“कुठलं काढायचं ते कसं ठरवता?”

“शुक्कीरवारी नवा पिक्चर लागतो, तवा चारी खेळ बघतोच की मी. गाण्याचं रीळ काढलं तर लोकं खुर्च्या तोडतेत. मारामारीचं काढलं तर मला तोडतेत. मंग असं रीळ हुडकायचं की ते गेलं तरी कुणी काही इचारनार न्हाई. आता ह्याच्यात निकाल काय लागनार, ते समद्या टॉकीजला म्हाईत हाय. जज्जाला तेवढं म्हाईत न्हाई. मंग त्याचं दहा मिनटं कशाला ऐकायचं? बारावं रीळ संपताना कोर्टाचं दार लागतंय. चौदावं सुरू होताना घराचं दार उघडतंय. दाराला दार जोडलं.”

मी भिंतीवरच्या पानाकडे बघितलं नाही.

“त्यापेक्षा सुरुवातीचा सरकारी माहितीपट का नाही काढत?”

“ते सरकारचं हाय बाई. ते न्हाई दाखवलं तर मालकाचं लायसन जातंय. खताच्या माहितीला हात लावता येत न्हाई. जज्जाला लावता येतो.”

घरी येऊन मी जुन्या अंकांची फाइल काढली. माझी फाइल क्रमवार असते, तुम्हाला माहीत आहे. अडीच वर्षांची परीक्षणं पुन्हा वाचली. जिथे जिथे मी ‘अनपेक्षित झेप’ किंवा ‘संकलनातला धसमुसळेपणा’ असं लिहिलं होतं तिथे पेन्सिलीनं खूण करत गेले. दहा-बारा खुणा झाल्या. म्हणजे मी ज्यांना शाबासकी दिली ते मुंबईचे नव्हते, आणि ज्यांना फटकारलं त्यांचा अपराध नव्हता. निम्मा वेळ मी लिंबाजीचंच परीक्षण करत होते. खरं सांगायचं तर त्यानं काढलेलं प्रत्येक रीळ काढण्याच्या लायकीचंच असणार. परदेशी मासिकं वाचून मला जे कळलं होतं ते त्याला सोनपेठच्या गाडीमुळे कळलं होतं.

आता बत्तिसाव्या अंकाचा प्रश्न होता. टाकळकरांना खुलासा हवा होता आणि आमचा नियम स्पष्ट होता. पण खरं छापलं तर लिंबाजीचं काय? वितरकाशी करार पूर्ण सिनेमा दाखवण्याचा असतो. सेठजींना निमित्तच हवं असेल तर मी ते टाइप करून, टपाल लावून घरपोच देणार होते. मी तीन दिवस त्या पहिल्या पानाशी बसले. तीन स्टेन्सिलं वाया घालवली.

आजोबा म्हणाले, “सरळ लिही, मला झोप लागली होती म्हणून.”

“ते खोटं आहे.”

“असू दे. तुझ्या झोपेनं कुणाची नोकरी जात नाही.”

मी तसंच लिहिलं. ‘गेल्या अंकातील परीक्षणात निकालाचे दृश्य चित्रपटात नाही असे म्हटले होते. ते दृश्य आहे. त्या वेळी संपादिकेला डोळा लागला होता. परीक्षणातील त्याविषयीचा मजकूर रद्द समजावा.’ चार ओळी. मला वाटलं, मी माझी अब्रू देऊन एका माणसाचं घर वाचवलं. हे तुम्हाला सांगते कारण तेव्हा खरोखर तसंच वाटलं होतं, आणि त्या वाटण्यात थोडी ऐटही होती.

स्टाफरूममध्ये पंधरा दिवस करमणूक झाली. कुणी मला उशी भेट देण्याची भाषा केली. टाकळकरांचं कार्ड आलं, ‘आपल्या झोपेबद्दल सहानुभूती आहे. तथापि झोपेत असताना आपण दोन्ही दारांचे वर्णन फार बारकाईने केले होते.’ त्या माणसानं कंपाउंडर होण्यात स्वतःचं नुकसान केलं.

मग एका सकाळी लिंबाजी घरी आला. हातात दोन्ही अंक. मी खुर्ची दिली, तो बसला नाही.

“बाई, तुमी झोपला नव्हता. मला वरच्या काचेतून दिसतंय. जनान्यात दुसऱ्या खांबापाशी बसता तुमी, वहीत लिवायला अस्ता. एवढ्या वर्सात तुमाला पेंगताना बी न्हाई बघितलं.”

“लिंबाजीराव, खरं छापलं असतं तर तुमची नोकरी गेली असती.”

“ते मी बघितलं असतं. मला इचारलं का तुमी?”

विचारलं नव्हतं. तीन दिवस मी कागदाशी बोलले, आजोबांशी बोलले, लोखंडी जिना मात्र चढले नव्हते. सुचलंच नव्हतं, असं म्हणावं तर तेही काही बरं नाही.

“चौदा वर्सं झाली मशीनवर,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “पिक्चर अडकला की समदी टॉकीज मला आयमायवरून शिव्या देती. नीट चालला तर कुणी मागं वळून बघत न्हाई. तुमी पयल्यांदा लिवलं. त्यात माझं नाव नव्हतं, नसू द्या. काम कुणाचं हाय ते मला म्हाईत होतं. बायकोला वाचून दावलं, पोरांला दावलं. आता हितं लिवलंय, रद्द समजावं.”

“मी तुमच्या भल्यासाठी...”

“मोर्चाला गेलो तवा काय तोंड झाकून गेलो होतो का, बाई? मंग हितं कशाला झाकता?”

आजोबा आतून चहा घेऊन आले. त्यानं चहा घेतला, उभ्याउभ्याच. कप खाली ठेवून म्हणाला, “आज मालकाला सांगून आलोय. बाई झोपल्या नव्हत्या, रीळ मी काढलं होतं.”

“काय म्हणाले सेठजी?”

“इचार करतो म्हनले.”

सेठजींनी दोन दिवस विचार केला. मी त्यांना भेटायला गेले. ते म्हणाले, “मॅडम, मी वाईट माणूस नाही. पण वितरकाला कळलं तर मला पुढचा पिक्चर कोण देईल? आणि त्याला मशीनवर ठेवलं तर मागे तक्रार घेऊन आले होते ते लोक पुन्हा येऊन बसतील. तुम्ही पास घेतला असता तर निदान आधी मला येऊन सांगितलं असतं.” मी त्यांना सांगितलं नव्हतं, लिंबाजीला विचारलं नव्हतं आणि वाचकांशी खोटं बोलले होते. एवढी तयारी केल्यावर जे वाचवायला निघाले होते तेही वाचलं नाही.

लिंबाजीला काढलं नाही, पण केबिनमधून खाली आणलं. मशीनवर नांदेडकडचा नवा माणूस आला. लिंबाजीला जनान्याच्या दारावर तिकिटं फाडायला उभं केलं.

तेहतिसाव्या अंकात पहिल्या पानावर मी सगळं खरं छापलं. छापण्याआधी या वेळी विचारायला गेले. तो म्हणाला, “छापा. नाव नीट लिवा, बापाच्या नावासकट.” तसं लिहिलं. अंक दिला तेव्हा त्यानं तो दारातच वाचला, चौघडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या बाईचं तिकीट फाडलं. टाकळकरांचं त्या महिन्यात कार्ड आलं नाही.

रेवा, तू विचारलंस की स्वतंत्र मासिक चालवताना सगळ्यात अवघड काय असतं. पास नाकारणं सोपं असतं गं. त्यात आपलंच चांगलं दिसतं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी मी तीनच्या खेळाला गेले. दुसरा सिनेमा होता, सासू-सुनांचा. नवा माणूस सगळी रीळं ओळीनं दाखवत होता. सहा वाजले आणि जनान्यात हालचाल सुरू झाली. बायका पिशव्या चाचपायला लागल्या, झोपलेली मुलं खांद्यावर टाकायला लागल्या. उठून सगळ्या दारापाशी जाऊन थांबल्या आणि तिथून, मान मागे वळवून, जेवढा दिसेल तेवढा सिनेमा बघत राहिल्या. पडद्यावर सून दवाखान्यात होती. त्यांच्या मागोमाग मीही वही मिटून उठले. का ते सांगता येणार नाही. बसवेना.

दारात लिंबाजी उभा होता. एकेकीला बाहेर सोडताना तो सांगत होता, “सून मरत न्हाई. सासू येऊन पाया पडती तिच्या. थोरला घरी येतो, किल्ल्या तिच्या हातात देतो. जावा आता, गाडी हुकल.”

“नक्की मरत न्हाई नं, भाऊ?” एकीनं विचारलं.

“न्हाई म्हनलं ना, मावशे. मधी एक गाणं हाय, ते बघितलं न्हाई तरी चालतंय.”

ती हसली, पदर खोचला आणि स्टँडच्या दिशेनं पळाली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. प्रत्येकीला तो तेच सांगत होता, पण शब्द थोडे बदलून. म्हातारीला सासूचं आधी सांगत होता, तरुण पोरीला थोरल्याचं. मग माझा नंबर आला.

“तुमी काहून उठला?”

तो दारातून बाजूला झाला नाही.

“तुमी बसा की, बाई. तुमाला कुठं गाडी धरायची हाय.”

मी परत आत जाऊन बसले.